नंतर विचारा

आमचे शेजारी रंगनाथ जमादार कॉम्प्युटरसमोर कॉम्प्युटरविषयी कधीही बोलत नाहीत. आधी ते खुर्चीवरून उठतात, नुसत्या मानेनं "बाहेर चला" म्हणतात आणि आपल्याला अंगणात नेतात. हौदाजवळ गेलं की पाण्याची मोटार चालू करतात. धार पडायला लागली की मग त्या आवाजाच्या आडोशानं, अगदी कानाशी येऊन, आपल्या कॉम्प्युटरला काय झालंय ते सांगतात. त्यांच्या निदानापायी आमच्या हौदातून पाणी किती वेळा वाहून गेलंय, ते विचारू नका.

"आतच सांगा की काका," पहिल्या वेळी मी म्हणाले.

"आत त्याला ऐकू जातं."

"कुणाला?"

"आत हाय त्याला."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. भुतंखेतं, करणी, लिंबू-मिरची यांवर दरवर्षी वर्गात तावातावानं बोलते. तरी त्या दिवशी मी मान वळवून आमच्या खोलीकडे पाहिलं. दार अर्धं उघडं होतं, आत अंधार होता आणि कॉम्प्युटरच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्याशेजारी, एक बारीक हिरवा दिवा लागलेला होता. तो मी लावलेला नव्हता.

जमादारकाका म्हणजे पोलीस खात्यातला माणूस. आमच्या भागात हवालदाराला जमादारच म्हणतात. पण ते साधे जमादार नव्हते, ते 'गोपनीय' होते. ठाण्यातला एक माणूस हे काम बघतो. साध्या कपड्यांत हिंडायचं, हॉटेलात बसायचं, गावात काय शिजतंय ते ऐकायचं आणि वर कळवायचं. मोर्चा निघणार का, जत्रेत भांडण होणार का, वाळूच्या गाड्यांवरून कुणाची कुणाशी जुंपणार. गंमत अशी, की गोपनीय कोण आहे हे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं. काका गेवराईच्या स्टँडवर उतरले की पानटपरीवाला लांबूनच ओरडायचा, "या गोपनीय, या! काय खबर?"

आणि काका बाकड्यावर टेकले, की हॉटेलातलं बोलणं बंद पडायचं. ज्याच्या तोंडात पुढाऱ्याचं नाव असेल तो ते गिळून टाकायचा आणि शेजाऱ्याला विचारायचा, "काय म्हणतो पाऊस?"

"मॅडम, आख्खी नोकरी मी पावसाचं ऐकलं," काका मला एकदा म्हणाले आणि स्वतःच हसले. मीही हसले. तेव्हा ते मला हसण्यासारखंच वाटलं होतं.

निवृत्त होऊनही त्यांची भाषा काही निवृत्त झाली नाही. चहाचा कप हातात दिला तर ते थँक्यू म्हणत नाहीत, "नोंद घेतली" म्हणतात. आमच्या ओट्यावर चढतानाच सुरुवात करतात, "खात्रीलायक समजतं, की आज तुमच्याकडं वांगं हाय." माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्या म्हणतो, त्या लगेच आतून बोलतात, "जमादार, खात्रीलायक कशाला, वास येयलाय म्हणा की सरळ!" काका त्याचीही नोंद घेतात.

काकू गेल्यापासून ते एकटेच. मूलबाळ नाही, एक बहीण तेलगावला आहे. नोकरीच्या शेवटी ठाण्यात त्यांना कॉम्प्युटरवर बसवलं होतं. तिथं गोडी लागली ती कायमची. निवृत्तीनंतर त्यांनी घरी कॉम्प्युटर घेतला आणि त्यांच्या ध्यानात आलं, की आपण आयुष्यभर जे काम केलं तेच काम करणारी माणसं कॉम्प्युटरच्या आतही बसलेली असतात. तिथून पुढे त्यांना गल्लीतल्या कॉम्प्युटरांची साफसफाई करण्याचा जो नाद लागला, तो लागलाच.

आमच्याकडची साफसफाई अशी झाली. शाळेच्या प्रश्नपत्रिकेसाठी मला एक मराठी फॉन्ट हवा होता. इंटरनेटवर फुकट मिळाला. 'डाउनलोड' लिहिलेलं मोठं हिरवं बटण होतं, मी ते दाबलं. फॉन्ट काही आला नाही, बाकी सगळं आलं. न बोलावता खिडक्या उघडायला लागल्या. कधी लॉटरी लागल्याचं अभिनंदन, कधी टकलावर उगवलेले केस. एके दिवशी आत्या गुडघ्याला तेल चोळत कॉम्प्युटरच्या खोलीत बसल्या होत्या, तर स्क्रीनवर गुडघा आला. नुसता गुडघा, लालभडक, आणि खाली तेलाची बाटली.

आत्या किंचाळल्याच. "सुनंदे! ह्याला कुणी सांगितलं माझ्या गुडघ्याचं?"

वास्तविक आदल्याच आठवड्यात मी त्यांच्यासाठी गुडघ्याचे व्यायाम शोधले होते. तिथूनच ते कळलं असणार. पण हे मला सुचेपर्यंत आत्या परसात पोचल्या होत्या आणि भिंतीवरून काकांना हाका मारत होत्या.

काका आले ते चपला बाहेर काढून, पावलं न वाजवता. कॉम्प्युटरकडे थेट पाहिलं नाही. कॅलेंडर बघितल्यासारखं केलं, खिडकी लावली, मग माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाले, "एक टिकली द्या."

"टिकली?"

"कपाळाची. मोठी आसंल तर बरं."

मी माझ्या पाकिटातली एक मरून टिकली दिली. ती त्यांनी कॅमेऱ्याच्या डोळ्यावर नीट बसवली आणि अंगठ्यानं दाबली. तेव्हापासून आमचा कॉम्प्युटर सवाष्ण दिसतो. गल्लीत ज्या ज्या घरी कॉम्प्युटर आहे तिथं तिथं टिकली आहे.

त्यानंतर हौद, मोटार आणि कानाशी आलेला तो आवाज. "मॅडम, ऐकणारा माणूस वळखायचा कसा, सांगतो. एक, तो समद्यांच्या आधी येऊन बसतो. दोन, दाराजवळ बसतो, म्हंजी येणारा-जाणारा दिसतो. तीन, चहा कधी संपवत न्हाई. संपवला तर उठावं लागतं. अन् चार, त्याचं नाव लई गोड आसतं. मी हाटेलात सोताला बियाणाचा एजंट म्हून सांगायचो."

हीच चाळणी ते कॉम्प्युटरला लावायचे. मशीन सुरू होताच सगळ्यांआधी कोण उठतं? स्क्रीनवर खाली घड्याळाशेजारी कोण गुपचूप बसलंय? काम काहीच नसताना थोडं थोडं इंटरनेट कोण पितंय? आणि 'मदतनीस', 'मित्र', 'सहायक' असली गोड नावं कुणाची आहेत? असा एकेक सापडला की ते त्याच्यावर बोट ठेवून पुटपुटायचे, "बियाणाचा एजंट." आणि काढून टाकायचे. ब्राउजरमध्ये चिकटलेल्या पट्ट्या काढल्या, परवानगी घेतल्यासारखं दाखवून सूचना पाठवणाऱ्या साइट बंद केल्या, माझे पासवर्ड मला बदलायला लावले आणि मी ते टाइप करत असताना स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

काम सफाईचं होतं, यात शंका नाही. गुडघा गेला, लॉटरी गेली.

जाताना मात्र ते एक गोष्ट न चुकता करायचे. खिशातून पेनड्राइव्ह काढायचे आणि एक छोटा फुकटचा प्रोग्राम घालून द्यायचे. झाडूचं चित्र असलेला. "हा आपला शिपाई," म्हणायचे. "धाड टाकून नुसतं निघून आलं तर मागून पुन्ना तेच लोक येतेत. एक आपला माणूस ठेवून यावं लागतं." शिपाई घड्याळाशेजारी जाऊन बसायचा. काका समाधानानं चहा प्यायचे. स्वतःचा कप ते मात्र तळापर्यंत संपवायचे.

दिवाळी झाली आणि आमची गल्ली रिकामी झाली. दरवर्षीच होते. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघून जातात, निम्म्या घरांना कुलपं लागतात. आमच्या तलवाड्यातली दुपार एरवीही शांतच, पण त्या दिवसांत ती इतकी शांत होते, की आपल्याच चपलेचा आवाज नकोसा वाटतो. कुत्रीसुद्धा टोळ्यांमागं गेल्यासारखी कमी होतात.

अशाच एका दुपारी मी शाळेतून घरी आले, तर आत्या कॉम्प्युटरच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलेल्या. डोक्यावरून पदर घेतलेला, हात जोडलेले आणि नजर आत.

"आत्या, काय झालं?"

"हळू बोल. आत बाई हाय."

"कोण बाई?"

"दिसत न्हाई. इचारायलीय."

मी आत पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. स्क्रीन काळी होती. मी म्हणणारच होते की तुम्हाला भास झाला असेल, तेवढ्यात स्क्रीन आपोआप उजळली आणि बाईचा आवाज आला. तरुण, गोड आणि कुठल्याच गावचा नसलेला आवाज. प्रत्येक शब्द वेगळा ठेवून ती म्हणाली,

"तुम्ही. अजून. तिथे. आहात का?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. खोटं कशाला सांगू?

स्क्रीनवर एक पांढरी खिडकी होती. तिच्यात तोच प्रश्न लिहिलेला आणि खाली दोन बटणं. एकावर 'होय', दुसऱ्यावर 'नंतर विचारा'. मी 'होय' दाबलं, तर पोट कमी करण्याच्या काढ्याचं दुकान उघडलं. ते बंद केलं. थोड्या वेळानं बाई पुन्हा आली. या वेळी 'नंतर विचारा' दाबलं. ती गेली आणि शब्दाला जागून नंतर पुन्हा विचारायला आली.

पुढचे काही दिवस या बाईनं आम्हाला छळ छळ छळलं. आत्यांनी त्या खोलीत जाणं सोडलं. त्यांची देवाची पुस्तकं, औषधं, चष्मा, सगळं त्याच खोलीत. ते काढायला त्या मला आत पाठवायच्या आणि स्वतः बाहेर उभं राहून मोठमोठ्यानं बोलायच्या, म्हणजे 'तिला' वाटावं घरात माणसं आहेत. त्यातच आमच्या केंद्रप्रमुखांची ऑनलाइन बैठक आली. साहेब तळमळून काहीतरी सांगत होते आणि माझ्याकडून आवाज गेला, "तुम्ही. अजून. तिथे. आहात का?"

साहेब गडबडले. "हो हो, आहे. आहे ना. येतोय का आवाज?"

सगळ्या शिक्षकांनी माना खाली घातल्या. साहेबांनी पुन्हा धागा धरला आणि बाईनं पुन्हा विचारलं. यावर साहेब म्हणाले, "मॅडम, बैठक मोठी झालीय हे मान्य आहे, पण ही काही पद्धत नव्हे."

मी काकांना सांगायचं ठरवलं होतं. ते बहिणीकडे तेलगावला गेलेत असं आत्या म्हणाल्या, म्हणून थांबले. आणि मधल्या एका दुपारी ते घडलं, ज्यानं मी खरोखर घाबरले.

शाळा सुटल्यावर मी गल्लीतून येत होते. कोपऱ्यावर मुकादमाचं घर आहे. ऊसतोडीची टोळी नेणारा मुकादम, सगळं बिऱ्हाड घेऊन गेलेला. दाराला हे एवढं कुलूप. खिडक्या आतून बंद. उंबऱ्यावर धूळ साचलेली, तिच्यावर पाऊल नाही. मी दारासमोर आले आणि आतून आवाज आला,

"तुम्ही. अजून. तिथे. आहात का?"

मी जागच्या जागी थिजले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. त्या बंद घरात ती रिकाम्या खोल्यांना विचारत होती, उत्तराची वाट बघत होती आणि परत विचारत होती. मी विज्ञान शिकवते हे मला आठवलं, पण घरी पोचल्यावर.

घरी पाणी प्यायले, तेव्हा डोकं चालायला लागलं. मुकादमानं चोरीच्या भीतीनं घराला कॅमेरे बसवलेत. त्यांचा कॉम्प्युटर तो चालूच ठेवून जातो. म्हणजे बाई कॉम्प्युटरातलीच. पण आमच्या आणि मुकादमाच्या कॉम्प्युटरात सारखं काय? फॉन्ट मी एकटीनंच घेतला होता. मग मला टिकली आठवली. मुकादमाच्या कॉम्प्युटरलाही टिकली होती.

मी काकांचीच चाळणी लावली. सगळ्यांआधी कोण उठतं? शिपाई. घड्याळाजवळ कोण बसतं? शिपाई. कुणाचं चित्र गोड? झाडू. मी शिपायाला बंद केलं आणि पुस्तक घेऊन कॉम्प्युटरसमोर बसले. बाई आली नाही. मग शिपायाला पुन्हा चालू केलं. बाई आली. वर्गात पोरांना मी प्रयोग म्हणजे काय ते असंच शिकवते, पण त्या दिवसाइतकं निष्कर्षाचं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

गल्लीभर हेर काकाच वाटत फिरत होते. धाड टाकायची आणि जाताना हेराला आपला माणूस म्हणून बसवून यायचं.

हे गल्लीत कळलं तर काय होईल, तेही मला दिसत होतं. साफसफाईमुळं काकांना घरोघरून बोलावणं येत होतं. लोक त्यांना खुर्ची देत, चहा देत, हौदाजवळ उभं राहून त्यांचं ऐकत. आता पुन्हा ते कुठं टेकले की लोक पावसाचं बोलायला लागले असते. आमच्या ह्यांना मी फोनवर सांगितलं. हे गेवराईला ट्रॅक्टरच्या दुकानात असतात. ते म्हणाले, "सांगून टाक सगळ्यांना. अन् ह्यापुढं त्या माणसाला घरात घेऊ नको." मी फोन ठेवला. काकांना आधी सांगायचं, एवढंच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी काका परतल्याचं कळलं. दुपारी मी त्यांच्याकडे गेले. दार लोटलेलं होतं. हाक मारणार तोच आतून बाईचा आवाज आला. ठरलेला प्रश्न, तसाच तुकड्या तुकड्यांत.

आणि काकांनी उत्तर दिलं.

"हाय की," ते म्हणाले. "जातोय कुठं? तेलगावला गेलतो दोन-चार दिस. बहिणीचा पाय दुखायलाय. आत्ताच जेवलो. मेथी केलती, मीठ जरा जादा झालं."

मी दाराच्या फटीतून पाहिलं. हे बरं नव्हे, पण पाहिलं. काका कॉम्प्युटरसमोर ताठ बसले होते. केस पाणी लावून विंचरलेले, सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. त्यांच्या कॅमेऱ्यावर टिकली नव्हती. गल्लीत तेवढा एकच कॉम्प्युटर उघड्या डोळ्याचा होता. बोलणं झाल्यावर त्यांनी चष्मा सारखा केला, माउसचा बाण हळूहळू नेऊन 'नंतर विचारा' दाबलं आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत बसले.

ज्या माणसानं जन्मभर ऐकायचं काम केलं, त्याला स्वतःला कुणी काही विचारलंच नव्हतं. काकू विचारत असतील तेवढंच.

मी उगीच खोकले. काका दचकून उठले, माझ्याकडे पाहिलं, कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि मानेनंच म्हणाले, बाहेर चला.

हौदाजवळ त्यांनी मोटार चालू केली. मी सगळं सांगितलं. आत्यांचा उंबरा, साहेबांची बैठक, मुकादमाचं कुलूप, शिपाई. धारेचा आवाज इतका होता, की मला दर वाक्य दोनदा सांगावं लागलं आणि तेच दोनदा सांगणं मला फार जड गेलं. काका ऐकत होते. ऐकायचं त्यांना माहीत होतं.

"ती बाई एजंट हाय, ते मला पहिल्याच दिशी कळालं होतं," शेवटी ते म्हणाले. "तेवढं वळखू येतं. ऱ्हाऊ दिली. पण शिपायाबरूबर येती, हे न्हाई कळालं. मला वाटलं, ती माझ्याकडंच आली."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"समद्यांना इचारतीय?"

"हो काका."

"मुकादमाच्या बंद घरात बी?"

"हो."

गल्लीत बेअब्रू होईल याचं काही त्यांच्या तोंडावर दिसलं नाही. ती सगळ्यांना विचारते, हे मात्र लागलं. मग त्यांनी मोटार बंद केली आणि पहिल्यांदाच, उघड्यावर, साध्या आवाजात बोलले, "गल्लीत सांगितलं का?"

"नाही."

"बरं केलं. मी सांगतो. चूक माझी हाय, जबाब मीच द्यायचा."

आत जाऊन त्यांनी शिपाई काढायला घेतला. पण असले प्रोग्राम सुखासुखी जात नाहीत. काढताना एक नवीन खिडकी आली, रडक्या चेहऱ्याच्या चित्राची. तीत लिहिलं होतं, 'तुम्ही आम्हाला का सोडून जात आहात?' खाली कारणं होती. 'आवडलं नाही.' 'दुसरं मिळालं.' 'इतर.'

काकांनी ती तिन्ही कारणं मोठ्यानं वाचली. पहिल्यावर बाण नेला, काढला. मग 'इतर' दाबलं. घड्याळाशेजारची जागा रिकामी झाली.

"टिकली हाय का?" त्यांनी विचारलं.

माझ्याकडे नव्हती. मी कपाळाची काढून दिली.

त्यानंतर ते स्वतः घरोघर गेले. प्रत्येक उंबऱ्यावर उभं राहून, "खात्रीलायक समजतं, की तुमच्या घरात हेर मीच बसवला," असं सांगितलं आणि शिपाई काढून दिला. पासवर्ड बदलायला लावले. लोक हसले नाहीत, ते हसले असते तर बरं झालं असतं. कुणी चहा विचारला नाही. किराणा दुकानाच्या पायरीवर काका बसले, की पायरीवरची माणसं कापसाच्या भावाचं बोलायला लागली. आत्यांनी तर तोंडावरच सांगितलं, "जमादार, तुमच्यापायी मी माझ्याच घरात चोरासारखी वागले." काका म्हणाले, "नोंद घेतली, वैनी." पण त्यात नेहमीची गंमत नव्हती. पुढं ते आमच्या ओट्यावर यायचे बंद झाले.

मुकादमाचं घर तेवढं राहिलं. किल्ली त्याच्याजवळ आणि तो कारखान्यावर. फोन केला तर म्हणाला, उन्हाळ्यात येईन तेव्हा बघू. म्हणजे गल्लीतून बाई गेली, पण त्या एका कुलपामागं राहिली. बायका तिकडून जायचं टाळून मागच्या बोळानं जायला लागल्या.

शाळेला सुट्टी होती त्या दुपारी मी गिरणीतून दळण घेऊन येत होते. काका मुकादमाच्या दाराशी उभे दिसले. मला वाटलं, कुलूप काढायचा काही मार्ग बघताहेत. जवळ गेले तर ते दाराकडे तोंड करून, हात मागं बांधून नुसते उभे होते. आतून बाईनं विचारलं. काकांनी इकडे तिकडे पाहिलं, दाराच्या फळीशी तोंड नेलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हाय."

आत ऐकायला कुणी नव्हतं आणि बटण दाबायलाही कुणी नव्हतं. काका थांबले. काहीच झालं नाही, तेव्हा मान खाली घालून घराकडे चालू लागले. त्यांनी मला पाहिलं नाही. दळणाचा डबा डोक्यावर घेऊन मी उन्हात तशीच उभी राहिले.

घरी येऊन मी आत्यांना सांगितलं. त्यांनी ज्वारी निवडता निवडता ऐकून घेतलं. "याड लागलं जमादाराला," एवढंच म्हणाल्या आणि खडे वेचत राहिल्या. मला त्यांचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीत पेपर तपासत होते. परसातून आवाज आला आणि माझ्या हातातलं लाल पेन थांबलं. तेच शब्द होते, तसेच तोडून तोडून ठेवलेले. फक्त आवाज घोगरा होता आणि आमच्या गावचा होता.

"तुमी! अजून! तिथंच! हाव का?"

मी खिडकीशी गेले. आत्या भिंतीजवळ उभ्या होत्या, गुडघ्यावर एक हात, दुसरा तोंडाशी. पलीकडून उत्तर नाही. आत्या वैतागल्या. "ओ जमादार! इचारायलेय मी!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कुणीतरी पायऱ्या उतरलं. भिंतीच्या अगदी पलीकडे येऊन थांबलं. मग काकांचा आवाज आला.

"नंतर इचारा, वैनी."

"नंतर काय नंतर! मला दुसरे कामं न्हाईत का?" आत्या म्हणाल्या. पण त्या घरात आल्या नाहीत. ओट्यावरचं भुईमुगाच्या शेंगांचं सूप त्यांनी भिंतीशी ओढलं, पाट घेतला आणि पाय पसरून शेंगा सोलायला बसल्या. सूप निम्मं झालं, तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं.